छपराला भोकं हवीत

आपल्याच अंगणात आठवडाभरासाठी चार बांबू उभे करायचे, तीन बाजूंनी चादरी बांधायच्या आणि वर पाला टाकायचा. यात लोकांनी लक्ष घालण्यासारखं काय आहे, असं मुंगीच्या आईला वाटलं होतं. शिकलेल्या बाईला असं वाटू शकतं. तिने संख्याशास्त्रात पदवी घेतली होती आणि कुठल्याही गोष्टीत काय काय बिघडेल याचा अंदाज काढण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. मुंगी एकदा शिंकली की ती सर्दीची शक्यता काढी, दोनदा शिंकली की न्यूमोनियाची, आणि तिसऱ्यांदा शिंकायच्या आत मुंगीला स्वेटर चढलेला असे. मांडवाच्या बाबतीतही तिने वारा धरला होता, पाऊस धरला होता, विंचू धरला होता. गाव तेवढं धरायचं राहून गेलं.

मुंगी म्हणजे तिची पाच वर्षांची मुलगी. खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते शाळेच्या पटावर. चालणं रांगेतल्या मुंगीसारखं, थांबणं माहीत नाही आणि गोडाचा डबा कुठेही ठेवा, सापडायचाच. मुंगीचे बाबा गुरांचे डॉक्टर. त्यांची बदली झाली म्हणून हे तिघं या गावात आले होते आणि दवाखान्यामागच्या सरकारी घरात राहत होते. गावात यहुदी कुटुंबं मोजायला बसलं तर एका बोटावर मोजून होत. पलीकडच्या मोठ्या गावात आणखी एक म्हातारे गृहस्थ आहेत असं कोणीतरी सांगितलं होतं, पण चौकशी केल्यावर त्यांना नुसतीच दाढी असल्याचं निघालं.

आजवर याने काही अडलं नव्हतं, कारण सण मुंगीच्या आईच्या माहेरी होत. सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण, तर तिथेच व्हायचा. पण या वर्षी माहेरचं घर विकलं गेलं आणि आई भावाकडे आठव्या मजल्यावर राहायला गेली. तिथे गच्ची नाही. बाल्कनी आहे, पण मांडवाच्या वर लागतं आकाश, आणि त्या बाल्कनीच्या वर होते नवव्या मजल्यावरच्यांचे टॉवेल.

हे सगळं फोनवर बोलणं चाललेलं ऐकून मुंगीने विचारलं, "मग आता आपला सण कुणाकडे राहणार?"

जणू सण म्हणजे घरातलं एखादं म्हातारं माणूस, आणि आता त्याला कोणी ठेवून घ्यायचं याची वाटाघाट चालली आहे. मुंगीच्या आईला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. कारण तिची स्वतःची पहिली आठवण याच वयाची होती. ती वडिलांच्या मांडीवर आडवी पडलेली, त्यांच्या सदऱ्याला ताज्या पाल्याचा वास, वर पानं हलतायत, पानांच्या फटीतून एक चांदणी मिटतेय, उघडतेय. मोठी माणसं बोलत होती आणि त्यांचं बोलणं दूरच्या पाण्यासारखं ऐकू येत होतं. त्याच्या आधीचं तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तिची सगळी गोष्ट त्या फटीतूनच सुरू झाली होती. मुंगीची आठवण आता कुठल्याही दिवशी सुरू होणार होती. ती जर टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीपासून सुरू झाली तर?

"आपल्याकडे राहणार," ती म्हणाली.

"चार बांबू आणि पाला," मुंगीचे बाबा म्हणाले. "अर्ध्या दिवसाचं काम." आणि ते एका अडलेल्या म्हशीकडे निघून गेले. त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या म्हशी, गाई आणि एक घोडी एकामागून एक अशा अडल्या, की त्या ठरवून अडतायत की काय अशी शंका यावी.

या सणाच्या चार-पाच दिवस आधी उपासाचा मोठा दिवस येतो; तो संपला की त्याच संध्याकाळी मांडवाचा पहिला खांब रोवायचा, अशी रीत. मुंगीच्या आईने उपास सोडला, पाणी प्यायली आणि पहार घेऊन अंगणात उतरली. दिवसभर पोटात काही नसल्यामुळे तिला सगळं थोडं तरंगतं दिसत होतं. पहारीचा दुसरा घाव पडतो न पडतो तोच कुंपणापलीकडे दिवा लागला.

"काय गं, काय पुरतेयस?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"पुरत नाही काकू. मांडव घालतेय. सण आहे आमचा."

काकू कुंपणाला छाती टेकून उभ्या राहिल्या. त्या अशा उभ्या राहिल्या की विषय सुटल्याशिवाय हलत नसत. मुंगीच्या आईने त्यांना सगळं सांगितलं. आमचे पूर्वज वाळवंटातून भटकत होते तेव्हा झोपड्यांत राहिले, म्हणून आम्ही आठवडाभर अशा मांडवात जेवतो.

"म्हणजे त्यांना घर नव्हतं म्हणून तुम्ही घर असून बाहेर जेवायचं?"

"हो."

"आणि पाऊस आला तर?"

"तर घरात जायचं."

"हात्तिच्या! मग सण आटोपला?"

"नाही, पाऊस थांबला की परत बाहेर."

काकूंनी अंगणभर नजर फिरवली. "झाडाखाली का नाही बांधत मग? अंजिराचं झाड आहे की आयतं. सावली आहे, आडोसा आहे."

"झाडाखाली चालत नाही. वर मोकळं आकाश पाहिजे. आणि छपराला भोकं हवीत, म्हणजे रात्री चांदण्या दिसतात."

"भोकं हवीत," काकू सावकाश म्हणाल्या आणि तिच्याकडे अशा मायेने पाहिलं, की तिला वाटलं, चला, कोणाला तरी समजलं.

सकाळपर्यंत गावाला तीन बातम्या कळल्या होत्या. एक, डॉक्टरीणबाईंची सासू कायमची राहायला येतेय आणि तिची सोय अंगणात होणार आहे. दोन, सासू नव्हे, खुद्द डॉक्टरच अंगणात राहणार आहेत, कारण म्हशींच्या नादात ते घरी वेळेवर येत नाहीत. आणि तीन, काही असलं तरी छप्पर धड घालायला त्या घरात कुणाला जमत नाही. मुंगीच्या आईला पहिल्या दोन बातम्यांचं वाईट वाटलं. तिसरी तिच्या कानावर आलीच नाही आणि पुढचा सगळा घोळ तिसरीनेच केला.

सुतारमामांना बोलावलं कारण तिने रोवलेला खांब चहा पीत बसलेल्या माणसासारखा कुंपणाला टेकून उभा होता. सुतारमामा आले, अंगणभर फिरले, डोळा बारीक करून खांबाकडे पाहिलं आणि त्याला न बोलता उपटून काढला. दुपारपर्यंत असा देखणा सांगाडा उभा राहिला की त्यात कोणी दुकान घातलं असतं.

"आता वर उतार कुठल्या बाजूला देऊ?"

"उतार नको मामा. नुसत्या आडव्या काठ्या टाका, लांब लांब. त्यावर पाला पसरणार आहे मी. विरळ."

"पाणी येईल."

"येऊ दे."

"येऊ दे?" सुतारमामांनी कानामागची पेन्सिल काढली आणि परत लावली. "बाई, माझ्या बापाने केलेली छपरं अजून गावात उभी आहेत. एकातून थेंब येत नाही. उद्या तुमच्याकडे पाहुणा बसला, त्याच्या डोक्यावर टपकन पडलं आणि त्याने विचारलं कोणी केलंय हे, तर तुम्ही काय सांगणार?"

"मी सांगेन, मीच केलंय."

"मग तुम्हीच करा," सुतारमामा म्हणाले. सांगाड्यापुरता माझा संबंध, छपराशी माझा काही संबंध नाही, असं त्यांनी तिथे हजर असलेल्या सर्वांना, म्हणजे मुंगीला आणि काकूंच्या बकरीला, साक्षी ठेवून जाहीर केलं आणि हत्यारं पिशवीत घातली.

एवढं होईपर्यंत कोणीतरी आठवण करून दिली की घर सरकारी, म्हणजे अंगणही सरकारी आणि सरकारी जमिनीवर खांब उभा करायचा तर कचेरीची परवानगी लागते. मुंगीची आई नियम पाळणाऱ्यांपैकी. ती मुंगीला घेऊन कचेरीत गेली.

दुपारची वेळ होती. कचेरीतला पंखा इतका सावकाश फिरत होता की त्याची पाती मोजता यावीत. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात धूळ तरंगत होती आणि टेबलामागे साहेब डोळे उघडे ठेवून झोपले होते. गावात त्यांना तात्पुरते साहेब म्हणत. मुख्य साहेब रजेवर गेले तेव्हा हे त्यांच्या खुर्चीत तात्पुरते बसले. मुख्य साहेब परत आलेच नाहीत. मधल्या काळात तात्पुरत्या साहेबांचे केस पांढरे झाले होते.

"कशासाठी बांधकाम?" ते जागे झाले.

"बांधकाम नाही हो. मांडव आहे. सणासाठी."

"मांडवात काय करणार?"

"जेवणार."

"कोण कोण?"

"आम्ही तिघं. आणि पाहुण्यांना बोलवायचं असतं, म्हणजे जे येतील ते."

"बाहेरच्या माणसांना छपराखाली जेवू घालायचं म्हणजे खानावळ झाली. तिला आरोग्य खात्याचा दाखला लागतो. ओटा पाहिजे, नळ पाहिजे. छप्पर कसलं?"

"पाल्याचं. त्यातून आकाश दिसायला हवं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, आकाश दिसत असेल तर ते छप्पर नव्हे. छप्पर नसेल तर ते बांधकाम नव्हे. आणि बांधकाम नसेल तर मला परवानगी देता येत नाही."

"मग परवानगी नकोच ना?"

"असं कसं? परवानगीशिवाय करता येणार नाही."

मुंगी पंख्याकडे बघत होती. मुंगीची आईही बघायला लागली. थोडा वेळ तिघंही बघत राहिले. साहेब वाईट नव्हते, फक्त त्यांना रकाना सापडत नव्हता.

"आठवडाभराचं आहे हो. तात्पुरतं," ती शेवटी म्हणाली.

"तो शब्द माझ्यासमोर काढू नका," साहेब दुखावून म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. "वर पाला आहे म्हणालात ना? आणि डॉक्टर गुरांचे. मग झालं तर. वैरणीची गंजी म्हणून लिहितो. कोणी विचारणार नाही."

अशा रीतीने तिच्या पूर्वजांचा वाळवंटातला प्रवास सरकारदप्तरी वैरण म्हणून रुजू झाला. परत येताना तिला ते वाटभर बोचत राहिलं. पण परवानगी मिळाली होती, आणि दूधवाल्याने सायकलवरून झावळ्या आणून टाकल्या, त्या तिने स्वतः स्टुलावर चढून पसरल्या. स्टूल डगमगण्याची शक्यता तिने आधी काढून ठेवली होती, म्हणून खाली गाद्या टाकल्या होत्या. कडेने ओल्या गवताच्या पेंढ्या लावल्या. उन्हं उतरली तेव्हा मांडवाच्या जमिनीवर सावल्यांची जाळी पडली आणि वाऱ्याने ती अशी हलू लागली की जमीनच वाहतेय असं वाटावं. मुंगी त्या जाळीत पाय न भिजवता उड्या मारत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मुंगीची आई उंबऱ्यावर बसून बघत राहिली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिच्या मनात कसलीही शक्यता आली नाही.

म्हणूनच बहुधा बकरी आली.

सणाच्या दिवशी सकाळी मुंगीच्या आईने दार उघडलं तेव्हा काकूंची बकरी मांडवातल्या गाद्यांच्या ढिगावर उभी होती. तोंडातून एक झावळी मिशीसारखी लोंबत होती आणि वर छप्पर नव्हतं. कोवळं तेवढं सगळं खाऊन झालं होतं. उरले होते नुसते दांडे, आणि बकरीचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं होतं.

मुंगीच्या बाबांना त्या आठवड्यात पहिल्यांदाच घरच्या अंगणात पेशंट मिळाला. त्यांनी बकरीला तेल पाजलं, तिचं पोट चोळलं, तिला फिरवलं. काकू कुंपणापाशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"तुझ्या सणाने माझी बकरी फुगली गं!"

"काकू, तिने माझं छप्पर खाल्लंय!"

"ते वैरणच आहे म्हणे. कचेरीत तसंच लिहिलंय."

हे ऐकून मुंगीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं ते कोणाला दिसलं नाही. पण काकूंना दिसलं. बकरीने तेवढ्यात मोठ्ठी ढेकर दिली, तिचा जीव वाचला आणि काकूंच्या जीवाला टोचणी लागली.

मुंगीचे बाबा लगेच एका खेचराकडे गेले. मुंगीच्या आईने कोयता घेतला, मुंगीचं बोट धरलं आणि ती गावाबाहेरच्या तळ्याकडे निघाली. संध्याकाळी सूर्य मावळला की सण लागणार, आणि सण लागला की पहिले दोन दिवस सगळं काम बंद, मांडवाला हात लावता येणार नव्हता. जे काही व्हायचं ते त्याआधी.

तळ्याकाठी उंच लव्हाळे होते, त्यांची तपकिरी बोंडं वाऱ्यावर एकमेकांना टेकून काहीतरी सांगत होती. पाणी हलत नव्हतं. एक बगळा एका पायावर उभा होता, तो मुंगीच्या आईचे लव्हाळे कापून होईपर्यंत तसाच उभा राहिला. मुंगीने पाय पाण्यात सोडले. मुंगीच्या आईने पाण्याची खोली, जळवा, काच आणि थंडी या सगळ्याचा विचार केला आणि मग, का कोण जाणे, स्वतःही चपला काढून शेजारी बसली. दुपार त्यांच्या अंगावरून ढगाच्या सावलीसारखी गेली. उठल्या तेव्हा सूर्य बराच कलला होता. तिने भारा डोक्यावर घेतला, एक छोटा भारा मुंगीच्या डोक्यावर दिला आणि दोघी चालत निघाल्या, मोठी मुंगी आणि लहान मुंगी.

वळणावरूनच तिला अंगणात गर्दी दिसली. बकरी गेली?

बकरी कुंपणाला बांधलेली होती, मजेत होती. गर्दी मांडवाभोवती होती. आणि मांडवाला छप्पर होतं.

पत्र्याचं. एक पत्रा काकूंच्या खुराड्यावरचा, त्यावर कोंबड्यांच्या खुणाही होत्या. दोन सुतारमामांच्या दुकानातले, कोरे. एक कचेरीच्या सायकल स्टँडवरचा, तो तात्पुरत्या साहेबांनी स्वतः डोक्यावरून आणला होता आणि अजून त्यांच्या पांढऱ्या केसांना गंज लागलेला होता. वरून दूधवाल्याची ताडपत्री, चारी कोपऱ्यांना दगड. सुतारमामांनी उतारही दिला होता, पन्हळही काढली होती. त्यातून पडणारं पाणी थेट अंजिराच्या आळ्यात जाणार होतं.

"आता वादळ आलं तरी बघायला नको," सुतारमामा म्हणाले.

"बकरीलाही चढता येत नाही," काकू म्हणाल्या. "चढवून बघितलं."

सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर, वाढदिवसाला न सांगता भेट आणणाऱ्या माणसाच्या असतं तसं, अर्धवट दाबलेलं हसू होतं. मुंगीच्या आईच्या डोक्यावर लव्हाळ्यांचा भारा तसाच होता.

"छान झालंय," ती म्हणाली.

ती आत गेली. आत अंधार होता आणि तापलेल्या पत्र्याचा वास होता. मुंगीने वर बघितलं.

"आई, हे तर घरच झालं," ती म्हणाली. "मग आपण आपल्याच घरात का नाही जेवत?"

मुंगीची आई गाद्यांच्या ढिगावर बसली. बाहेर सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकत आला होता. ती हिशेब करू लागली. सांगावं, तर ज्या माणसांनी आपल्या कोंबड्या उघड्यावर टाकून तिला पत्रा दिला त्यांना म्हणावं लागणार, हे न्या. न सांगावं, तर सूर्य बुडणार आणि मग सणाच्या पहिल्या रात्री वर हा पत्राच. मुंगीची आठवण पत्र्यापासून सुरू होणार. दोन्ही बाजूंची शक्यता काढून बघितली, दोन्ही सारख्याच वाईट निघाल्या. पदवीचा काही उपयोग होईना. मग तिने गुडघ्यात डोकं घातलं आणि ती चक्क रडली, आवाज करून, दाराशी गाव उभं असताना.

काकू आत आल्या. "काय झालं? पन्हळ आवडली नाही?"

"काकू, मी म्हटलं होतं ना हो, भोकं हवीत म्हणून."

"म्हटलं होतंस," काकू गोंधळल्या. "पण बाई, पत्रे जमत नसतील तर माणूस असंच म्हणतं. मला नको, मला असंच आवडतं. आपण पाहुण्याकडे पोट भरलं म्हणतो, तसं. मला वाटलं तू झाकून बोलतेयस. मी सगळ्यांना सांगितलं, पोर मानी आहे, मागायची नाही, आपणच द्यायचं."

दाराशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना तसंच वाटलं होतं.

मग मुंगीच्या आईने नाक पुसलं आणि सांगितलं. नियम सांगितले नाहीत, ते सांगून झाले होते. वडिलांचा सदरा सांगितला, पाल्याचा वास सांगितला, मांडीवर डोकं ठेवून वर बघताना फटीत मिटणारी-उघडणारी चांदणी सांगितली. "ते घर विकलं आता," ती म्हणाली. "आणि हिचं काय, ही आता पाच वर्षांची झाली."

बाहेर बकरी ओरडली. सुतारमामांनी पेन्सिल कानामागून काढून दातात धरली.

"खिळे कोणी ठोकलेत?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच," दूधवाला म्हणाला.

"मग काढणार पण मीच. कोणी हात लावायचा नाही, वाकडे होतील."

त्यानंतर जे झालं ते इतक्या घाईने झालं की ते स्वप्नात झाल्यासारखं तिला नंतर वाटत राहिलं. माणसं शिडीवर चढत होती, पत्रे हातोहात खाली येत होते, दगड गडगडत होते. तात्पुरते साहेब पाठ फिरवून उभे होते, कारण सायकल स्टँडच्या पत्र्याचं काय होतंय ते त्यांना अधिकृतपणे बघायचं नव्हतं, पण पाठीमागे हात करून त्यांनी पत्रा मात्र बरोबर धरला. लव्हाळे कापलेले होतेच. ते पसरायला लागल्यावर भांडण सुरू झालं.

"दाट झालं."

"विरळ झालं. सावली राहिली पाहिजे, बाईंनी आत्ताच सांगितलंय."

"भोक केवढं हवं? बशीएवढं की वाटीएवढं?"

"खाली पडून बघितल्याशिवाय कसं कळणार?" असं म्हणून सुतारमामा सरळ गाद्यांवर उताणे झाले. ज्या माणसाने गळक्या छपराला आपलं नाव द्यायला नकार दिला होता, तो आता एक डोळा मिटून हुकूम सोडत होता, "डावीकडची काडी सरकव. जास्त नको. हां, इथून निळं दिसतंय." मग काकू बघायला आडव्या झाल्या. मग दूधवाला. शेवटी साहेब, पायातले बूट काढून बाजूला जोडीने ठेवून.

सूर्य बुडायच्या किंचित आधी मुंगीच्या आईने दिवे लावले. मुंगीचे बाबा खेचराच्या वासासकट धावत आले, हात धुऊन त्यांनी पेला उचलला, द्राक्षाच्या रसावर आशीर्वाद म्हटला, पाव मोडला आणि सगळ्यांना दिला. एरवी पाहुण्यांना बोलवायला लागतं. आजचे आधीच आडवे झालेले होते. त्यांनी आडव्या-आडव्याच पाव खाल्ला.

आणि मग सगळे वाट बघू लागले. आकाश आधी पिवळं होतं, मग पारव्याच्या मानेसारखं झालं, मग त्याला रंगच राहिला नाही. लव्हाळ्यांची टोकं हलत होती. कोणीतरी कुजबुजलं, "लहानपणी उताणं पडलो होतो, त्यानंतर आजच." कोणीतरी म्हणालं, "गप्प बसा, येईल ती." मांडव सगळ्यांना पोटात घेऊन गावावरून हळूहळू कुठेतरी निघालाय, असं मुंगीच्या आईला वाटलं. माणसांचं बोलणं दूर दूर जात होतं.

"मुंगे," ती म्हणाली, "आता नीट बघ हं वर."

मुंगी तिच्या मांडीवर गाढ झोपली होती. दिवसभर तळ्यात पाय सोडून बसलेली, भारा घेऊन चाललेली मुंगी. तोंड थोडं उघडं, गालाला पावाचा चुरा.

"मुंगे, ए मुंगे!" तिने हलवलं. गुदगुल्या केल्या. शेवटी हळूच चिमटासुद्धा काढला, हे ती नंतर नाकबूल करत असे. मुंगीने कूस बदलली.

"झोपू दे तिला," मुंगीचे बाबा म्हणाले.

"अरे, पण हिला दिसणार कसं? याच्यासाठीच तर सगळं—"

"दिसली!" काकू ओरडल्या.

"कुठे, कुठे?"

"ती काय, माझ्या भोकातून!"

"मलाही दिसली."

"ती वेगळी. माझी मोठी आहे."

सगळा मांडव कुजबुजत, सरकत, एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून आपापल्या फटीतून वर बघत होता. मुंगीची आई तेवढी खाली बघत बसली होती, झोपलेल्या तोंडाकडे. त्यामुळे पहिली चांदणी तिचीही हुकली.

सणाचे पहिले दिवस सरले, फोन करायची मोकळीक झाली, तेव्हा तिने आईला फोन लावला. कसं सांगावं याची ती जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात मुंगीने फोन हिसकावून घेतला.

"आजी, सण आता आमच्याकडे राहतो. तुला माहितेय का कसा करतात? आधी छप्पर बकरीला खायला द्यायचं. मग तळ्यात पाय बुडवायचे. मग सगळ्यांनी आपापले पत्रे आणायचे, आणि सुतारमामांनी ते ठोकायचे, पक्के. मग आईने रडायचं. मग पत्रे काढून टाकायचे आणि सगळ्यांनी आडवं पडायचं. साहेब बूट काढून झोपतात. ते घोरतात, पण कोणी हसायचं नाही, सण असतो."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

"चांदणी?" मुंगीने विचार केला. "ती होती ना. मी डोळे मिटून बघितली. आणि आजी, पाल्याला ना, तळ्याचा वास येतो."

एवढं सांगून तिने फोन आईच्या हातात दिला आणि ती बाहेर पळाली. मांडवात काकू जेवणाची ताटं मांडत होत्या आणि कालचीच जागा मिळावी म्हणून सुतारमामा लवकर येऊन उताणे पडले होते.

"अगं, काय सांगतेय ही?" आजी फोनवर घाबरून विचारत होती. "बकरी काय, पत्रे काय! असं कुठे असतं का कधी?"

मुंगीच्या आईने चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं. बाहेर लव्हाळे हलत होते.

"आमच्याकडे असतं," ती म्हणाली.